सुकलालनानांचा सोमवार

आज तुमच्या हातावर जे सांडू शकतं, त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे का?

रागावू नका. गुजरातेत, लिंबायतला आमच्या गल्लीत सुकलालनाना हा प्रश्न रामरामच्या आधी विचारायचे. मी रॉकेलचा डबा घेऊन निघालो, की ओट्यावरून हाक यायची, "काय शे त्यामा?" रॉकेल म्हटलं की पुढचा सवाल, "डबावर लिखेल शे का?" लिहिलेलं नसायचंच. मग नाना खिशातून खडू काढत. रॉकेलला नाव मिळाल्याशिवाय मला वाट मिळत नसे.

नाना शिरपूरकडचे. उधन्याच्या बाजूला कापड रंगवायच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला होते. काकू गावाकडे शेत बघायच्या, नाना इथे एकटे. त्यांच्या खोलीत वस्तू कमी आणि चिठ्ठ्या जास्त. कणकेच्या खळीने चिकटवलेल्या त्या चिठ्ठ्यांवर नाव, धोका, उपाय अशा तीन ओळी असत. लोणच्याच्या बरणीवर: "कैरीचे लोणचे. डोळ्यात गेल्यास आग. भरपूर पाण्याने धुवावे." भिंतीवरच्या घड्याळाखाली: "घड्याळ. मागे पडते. शेजारी विचारावे."

माणसांनाही ते अशाच चिठ्ठ्या लावत, फक्त तोंडी. मिलचे सुपरवायझर देसाईसाहेब म्हणजे "धोका जेवणानंतर, उपाय समोर न येणे." मी त्या दिवसांत कामगारांच्या मागण्यांची पत्रकं लिहायचो. माझी चिठ्ठी अशी होती: "पत्रकवाला. ऐकणारा भेटला की पेट घेतो. चहा पाजावा."

हे वेड लागलं कसं, तेही सांगतो. परदेशी गिऱ्हाईकाने अट घातली म्हणून मिलमधल्या सगळ्या ड्रमांवर एकसारखी लेबलं आली. छान रंगीत, चकचकीत आणि इंग्रजी. कामगार खानदेशचे, मराठवाड्याचे, ओडिशाचे. शेठ गुजराती. ज्याच्या अंगावर ड्रममधलं उडणार त्याची भाषा सोडून बाकी सगळी सोय होती. एका लेबलवर चित्र होतं, नळीतून थेंब हातावर पडतायत. एक नवा गडी ते बघून म्हणाला, "हात धुवायचं लिक्विड दिसतंय," आणि त्याने ड्रमच्या तोटीखाली ओंजळ धरली. नानांनी त्याचं मनगट पकडलं आणि तसंच धरून त्याला थेट देसाईसाहेबांच्या केबिनमध्ये उभं केलं. साहेबांनाही घाम फुटला असावा. दर सोमवारी पाळी सुरू होताना नानांनी सगळ्यांना समजावून सांगायचं, असं ठरलं.

सोमवारी नाना दाढी करून जात. इतर वारी त्यांचा दाढीशी संबंध नसे. उपड्या ड्रमवर उभं राहून अहिराणी, मराठी आणि हिंदीची त्यांनी स्वतः कालवलेली भाषा सुरू व्हायची. रंग कालवायच्या खोलीला मिलमध्ये कलर किचन म्हणतात. त्या नावाचा त्यांना भारी राग. "किचन म्हटलं की माणूस डबा घेऊन जेवायलाच बसतो!" तेजाब पाण्यात ओतायचं, पाणी तेजाबात कधीच नाही, हे शिकवताना ते म्हणत, "जावई ससुराल आता है. ससुरा जमाई के घर रहने जाता है क्या?"

मागून एक ओडिया गडी म्हणाला, "नाना, मेरा ससुर तो मेरे पास ही रहता है."

"तो तू एसिड को हाथ मत लगा!"

हसून हसून पाळीला उशीर व्हायचा. पण नियम डोक्यात बसायचे. त्यातला एक नियम नानांचा स्वतःचा: धोका दिसला की नुसतं ओरडायचं नाही, मालाचं नाव घेऊन ओरडायचं. म्हणजे धावत येणाऱ्याला कळतं, काय सांडलंय.

परभणीकडचा गणपत नवाच लागला होता. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची बादली घेऊन तो ओल्या फरशीवरून चालला होता. जरासा घसरला, पण सावरला. समोरून येणाऱ्या नानांनी मात्र आपला नियम पाळला. "सोडा! सोडा!"

गणपतने सोडली.

बादली नानांच्या बाजूला कलंडली आणि त्यांचा डावा पाय भाजला. गमबूट होते, तपासणीच्या दिवसासाठी देसाईसाहेबांच्या कपाटात कुलपात ठेवलेले. नाना नळाखाली पाय धरून बसले आणि जमलेल्यांना कळवळत सांगू लागले, "बघा रे, घासायचं नाही... नुसतं पाणी... खूप वेळ..." गणपत तोवर अनवाणी पळाला होता.

साहेबांनी कारण ठरवून टाकलं, कामगाराचा निष्काळजीपणा. म्हणजे गणपतची नोकरी गेली. हे कळल्यावर नाना पट्टी बांधलेल्या पायाने मिलमध्ये निघाले. आधाराला मी.

"सुकलालभाई, तुम आराम करो ना," साहेब म्हणाले. "गणपतने बादली फेंकी. बात खतम."

"साहेब, मैंने बोला सोडा, उसने सोडा. उसने मेरा कहना माना."

"तो क्या ट्रेनिंग गलत थी?"

"शब्द गलत था. मेरा था."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता, जेवणही अजून व्हायचं होतं. "ऐसा लिखूँगा तो ऊपर से तुम्हारा सोमवार बंद हो जाएगा. सोच लो."

नानांनी बाहेर पाहिलं. खिडकीतून उपडा ड्रम दिसत होता. शेवटी म्हणाले, "लिखो."

माझ्याने राहवलं नाही. "आणि गमबूट कुलपात होते, त्याचं काय?"

"ते बी लिखो," नाना म्हणाले.

तिथून घरी न जाता त्यांनी रिक्षा गणपतच्या खोलीकडे वळवायला सांगितली. गणपत बोचकं बांधत होता. आम्हाला बघून भिंतीला टेकला. "नाना, आईशप्पथ, तुमीच म्हणलात की, सोडा म्हणून! म्या सोडली."

"बरोबर ऐकलंस. तुनी चूक नही, भाऊ." नानांनी पिशवीतून गणपतच्या चपला काढून त्याच्यापुढे ठेवल्या. मिलमध्ये राहिलेल्या. स्वतः त्यांच्या एका पायात चप्पल, दुसऱ्यात नुसती पट्टी. "उद्या पाळीवर ये. बोचकं सोड."

गणपतने बोचक्याकडे पाहिलं, मग नानांच्या तोंडाकडे. "ह्ये कोणतं सोड, नाना?"

तेव्हा पहिल्यांदा दोघं हसले.

गणपत कामावर परतला. कॉस्टिकच्या बादल्यांवर नुसतं 'कॉस्टिक' लिहिलं जाऊ लागलं आणि कपाटाचं कुलूपही निघालं. नानांचा सोमवार मात्र गेला. बाहेरून एक टाय लावलेला तरुण येऊ लागला. तो पडद्यावर चित्रं दाखवायचा, शेवटी "समझ गए?" म्हणायचा आणि सगळे मिळून "हाँ" म्हणायचे.

आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत. रविवारी संध्याकाळी नाना पलीकडे मोठ्याने बोलत असायचे आणि मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. आता ती भिंत गप्प झाली, तेव्हा कळलं की ते सोमवारची तालीम करत होते. काकू गावी, मुलं आपापल्या संसारात. आठवडाभरात माणसांशी पोटभर बोलायची त्यांची ती एकच जागा होती. त्यांनी ती गणपतसाठी देऊन टाकली आणि कुणापाशी बोललेसुद्धा नाहीत.

मग एका रविवारी पलीकडून आवाज आला, आणि तो एकाचा नव्हता. नाना काहीतरी सांगत आणि थांबून विचारत, "आते सांग, तुले काय ऐकू उनं?" गणपत आपल्या परभणीच्या बोलीत सगळं उलगडून सांगे. चुकला की नाना आपलं वाक्य बदलत, त्याला बोलत नसत. पुढच्या रविवारी तिकडे चार आवाज होते. चहाच्या कपांचाही होता.

आज नाना नाहीत. मी ती पत्रकंही आता लिहीत नाही, पण एक मागणी अजून माझ्यापाशी शिल्लक आहे. ती तुमच्याकडे. तुमच्या हाताखाली नवा माणूस असेल, कारखान्यात, दुकानात, नाहीतर घरी भांडी-फरशीला, तर त्याला "समजलं का?" विचारू नका. पोट हातावर असलेला माणूस त्याला हो म्हणतो. उद्या त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तुला काय ऐकू आलं. आणि तो सांगेपर्यंत थांबा.