शासनाचा रस्ता, सोयऱ्यांचा रस्ता

कोणत्याही प्रदेशाचा विकास भूगोल, अर्थव्यवस्था आणि संस्कृती या तीन गोष्टींवर अवलंबून असतो. हे शाळेच्या पुस्तकात छापलेले आहे, तेव्हा त्यावर वाद नको. आमच्या शिरूर तालुक्याने या शास्त्रात घातलेली भर एवढीच, की विकास हा पाहणारा कोणत्या रस्त्याने येतो यावरही अवलंबून असतो.

आमच्या गावाला (नाव देत नाही, सरकारी फाइल माणसापेक्षा जास्त जगते) दोन रस्ते आहेत. वरचा माळावरून येतो. तिथे मुरूम, बाभळी आणि टँकरची वाट पाहणारी माळवस्ती. खालचा कालव्याच्या कडेने येतो. तिथे ऊस, कांद्याच्या चाळी, जर्सी गायी आणि स्लॅबची घरे. वरून आलेल्याला गाव मागास वाटते, खालून आलेल्याला पुढारलेले, आणि दोघेही खरेच बोलतात. म्हणून वरच्याला आम्ही शासनाचा रस्ता म्हणतो आणि खालच्याला सोयऱ्यांचा. आजवर कोणी चुकीच्या रस्त्याने आलेले नाही. फाट्यावर आमचा माणूस उभा असतो.

दोन हजार तीनच्या दुष्काळात पुण्याहून प्रादेशिक विकास पाहणी समिती बुधवारी येणार असल्याचे कळले. समितीने मागास ठरवले की टँकर सुरू होणार होता, वीजबिलात सूट मिळणार होती, शिवाय सुटीत पाहुणे येतात तशा इतर योजनाही येणार होत्या. आणि त्याच आठवड्यात, रविवारी, सोपानरावांच्या नवनाथचे घर बघायला दौंडकडचे पाहुणे येणार होते.

नवनाथ रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी हेल्पर. वय तिशीच्या अलीकडे (तीन वर्षांपासून अलीकडेच). आधीची स्थळे रीतसर मोडली होती. एकाला कालव्याचा भरवसा वाटला नाही, एकाला मुलगा पर्मनंट हवा होता, आणि एकाला मुलगा शेतकरी नको पण शेती मात्र बागायत हवी होती. गावात लग्नाची मुले इतकी साचली होती, की क्रिकेटचे तीन संघ होऊन अंपायरही बिनलग्नाचा मिळे. नवनाथच्या आईने, भामाबाईंनी, घरात जाहीर केले होते, "हे स्थळ गेलं, तर पुन्हा कुणाच्या लग्नाला अक्षता टाकायला म्या जाणार न्हाई."

सरपंच हौसरावांनी बैठक घेतली.

"बुधवारी सुकवायचं, रविवारी हिरवं करायचं," ते म्हणाले. "त्यात काय अवघड हाय?"

"आन् मधल्या मधी कुणी पाहुण्यांच्या कानावर घातलं तर?" सोपानरावांनी विचारले.

"पुण्याचा सायेब आन् दौंडचा पाहुणा एकमेकाला कवा भेटायचं? त्यांचा काय संबंध?"

(पुण्यातून वाहिलेले सगळे पाणी अखेर दौंडलाच जाते. पण आमच्या बैठकीत भूगोल काढायची पद्धत नाही.)

तयारी सुरू झाली. खालच्या आळीतल्या मोटरसायकली शाळेच्या खोलीत गेल्या. डिश अँटेनांवर गोणपाटे पडली. सोपानरावांच्या चार जर्सी गायी उसात नेऊन बांधल्या आणि त्या हंबरू नयेत म्हणून पुढ्यात उसाचे वाढे टाकले. माळावरच्या कोरड्या विहिरीशी रिकामे हंडे घेऊन बायकांची रांग लावायची होती. खालच्या आळीतल्या बायकांची दोनदा तालीम झाली, तरी त्यांच्या चेहऱ्यावर तहान काही दिसेना. माळवस्तीच्या ताईबाईला मात्र तालमीची गरज पडली नाही.

"मावशी, फक्त तोंड पाडून हुबं ऱ्हायचं," हौसराव तिला समजावू लागले.

"मी रोज तशीच हुबी आसते की," ताईबाई म्हणाली. "आज काय येगळं हाय, ते सांग."

बुधवारी समिती आली. तीन विद्वान आणि एक जीप. त्यांनी माळ पाहिला, विहीर पाहिली, हंडे पाहिले आणि हळहळ व्यक्त केली. नंतर संस्कृतीच्या रकान्यासाठी त्यांनी म्हाळू आबांना आहार विचारला. आबांना 'भाकर आन् मिरची' एवढे पाठ करून दिले होते. आबा म्हणाले, "भाकर आन् मिरची. पर मिक्सरातली मिरची बारीक हुती म्हणून बाधत न्हाई."

"वय झालंय, सायेब," हौसराव म्हणाले. समितीने तशी नोंद केली.

समितीला गुळाचा कोरा चहा देण्यात आला. दुधाच्या बाबतीत गाव स्वयंपूर्ण नाही, हे त्यातून शास्त्रीय पद्धतीने सिद्ध होणार होते. पण जीपचा ड्रायव्हर सावली शोधत नेमका सोपानरावांच्या ओसरीवर येऊन टेकला होता, आणि भामाबाईंच्या हातून तिथे चूक झाली. दारात बसलेल्या माणसाला कोरा चहा द्यायचा त्यांना धीर होईना. ड्रायव्हर म्हणजे काही शासन नव्हे, असा विचार करून त्यांनी त्याला साय घातलेला चहा दिला. वर म्हणाल्या, "घ्या दादा, घरच्या दुधाचा हाय." तो चहा प्यायला, आणखी अर्धा मागून प्यायला आणि तंबाखू मळत उसाच्या दिशेला जरा फिरून आला.

एरवी आमच्याकडे पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी त्याचे गाव, आडनाव आणि मामाचे गाव विचारतात. त्या दिवशी सगळे मागासलेपणात इतके गुंतले होते, की कोणी काहीच विचारले नाही.

रविवारी गाव हिरवे झाले. पाट धो धो वाहत होता, गायींना अंघोळ घातली होती, आणि नवनाथने कंपनीचे ओळखपत्र सुट्टीच्या दिवशीही गळ्यात घातले होते. पाहुण्यांची गाडी खालच्या रस्त्याने आली. आधी मुलीचे वडील रोहिदास उतरले. त्यांच्यामागून, पांढरी टोपी सारखी करत, बुधवारचा ड्रायव्हर उतरला.

"हे आमचे मेव्हणे, चांगदेवराव," रोहिदास म्हणाले. "मोनालीचे मामा. पुण्यात साहेबलोकांच्या जीपवर असतात."

भामाबाईंच्या हातातला तांब्या हातातच राहिला. सोपानराव हौसरावांकडे पाहू लागले, आणि हौसराव कालव्याकडे.

"बसा, मामा," अखेर हौसराव म्हणाले. "गाव जरा... चार दिसांत सुधारलंय."

"दिसतंय की." चांगदेव मामा बसले. "सोपानराव, त्या दिवशी गाया हंबरल्या कशा न्हाईत?"

सोपानराव खाली बघत म्हणाले, "वाढं टाकलं व्हतं म्होरं."

"आन् येवढं गाव सुकवाय किती टाइम लागला?"

"दीड दिस."

नवनाथने गळ्यातले ओळखपत्र काढून खिशात घातले. मग मामा रोहिदासांकडे वळले.

"दाजी, द्या पोरगी. जिल्हाभर फिरतो मी सायबांना घिऊन. येवढं नीटनेटकं गरीब गाव दुसरं बघितलं न्हाई. हे लोक सरकारच्या हाती लागत न्हाईत, तर ह्यांच्या घरात पोरगी उपाशी ऱ्हाईल व्हय? आन् चुलीम्होरची बाई ड्रायव्हरलाबी साय घालती."

लग्न मे महिन्यात ठरले. समितीच्या अहवालात गाव मागास ठरले. कारणे: भूगोल प्रतिकूल, अर्थव्यवस्था कमकुवत, संस्कृती आतिथ्यशील. टँकर वेळेवर सुरू झाला. वरच्या रस्त्यावर खड्डे फार, म्हणून टँकरवाला तो खालच्या रस्त्याने आणी आणि खालच्या आळीच्या हौदात रिकामा करी. लग्नात पाण्याची अजिबात ददात पडली नाही. दौंडकरांनी मुद्दाम तारीफ केली. ताईबाई माळावरून खाली येऊन तिथूनच हंडा भरून नेई. हौसराव तिला म्हणाले, "बघ मावशी, आला का न्हाई टँकर?" ती म्हणाली, "आला बाबा. मीच आले त्येच्याकडं."

हे वाचून आपण मान हलवली असेल, तर योग्यच केले. ग्रामीण भागात खरेपणा राहिलेला नाही, हे आम्हालाही मान्य आहे. सवड मिळाली की एकदा घरचे कपाट उघडावे. मुलीच्या फी-सवलतीसाठी तहसील कचेरीतून आणलेला उत्पन्नाचा दाखला एका हातात घ्यावा, आणि तिच्या स्थळासाठी छापलेला 'घरची परिस्थिती उत्तम' हा बायोडाटा दुसऱ्या हातात. दोन्हींवर वडिलांचे नाव एकच असेल. हे दोन कागदांवरचे दोन वडील एकमेकांना कधी भेटले आहेत का, तेवढे विचारून घ्यावे.