शेताला नेसवलेली शहापुरी

शरदरावांनी गाव सोडून एकतीस वर्षं झाली होती, पण गावाला शहाणं करायचं त्यांनी काही सोडलं नव्हतं. बेळगावात खासबागेतल्या घराच्या गॅलरीत एक तुळस, एक कढीपत्ता आणि एक मरगळलेली कोरफड एवढीच त्यांची शेती. तिच्या जोरावर ते रोज आंघोळ झाली की खानापूरकडच्या आपल्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आजचा सल्ला’ टाकत. लोणच्याच्या बुरशीपासून भाताच्या करप्यापर्यंत त्यांना काहीच वर्ज्य नव्हतं. कहर म्हणजे गाव ते ऐकायचं. शहरात ऑफिसला जाणारा माणूस उगाच कशाला बोलेल, असं गावाला वाटे. शरदरावांनाही तसंच वाटे.

भाद्रपदातल्या एका सोमवारी त्यांनी लिहिलं, “रताळी भरू लागली की रानडुकरं येतात. शेताला जुन्या साड्यांचं कुंपण करा. साडी जितकी भडक, तितकं डुक्कर लांब. डांबरगोळीचा वास असेल तर उत्तम. मात्र एक फट राहिली तरी सगळं कुंपण वाया.” गुरुवारी लिहिलं, “पेटीतली साडी नेसण्याआधी उन्हात घाला, वास जातो.” दोन्ही सल्ले एकाच अंगणात पाळले जातील, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

गावचं शेत त्यांचा चुलतभाऊ मष्णू बघायचा. मष्णूची आई राजाबाई हिनं गल्लीत सांगून ठेवलं, “ज्या साड्या द्यायच्या त्या आमच्या अंगणातल्या दोरीवर टाका गं. मष्णू न्हेतोय.” आठवड्यात तीन बाजूंचं कुंपण उभं राहिलं. तरुण मंडळ तर इतकं खूश झालं की त्यांनी रविवारी चार वाजता शेताच्या बांधावरच शरदरावांचा सत्कार ठरवला.

रविवारी सकाळी शरदराव पत्नी सरोजिनीबाईंसह गावी आले. सत्कारासाठी त्यांनी नवं मोतिया जाकीट शिवलं होतं आणि सरोजिनीबाईंनी शहापुरी आणली होती. त्यांच्या वडिलांनी शहापूरच्या मागावर मुद्दाम विणून घेतलेली ती लग्नातली साडी, जांभळी, रुंद काठाची. वडील गेल्यापासून ती वर्षातून एकदाच निघायची आणि बाईंचा तिच्यावर जीव होता. पेटीतून काढल्यामुळे डांबरगोळीचा वास मारत होता, म्हणून नवऱ्याचा सल्ला मानून त्यांनी ती राजाबाईंच्या अंगणातल्या दोरीवर घातली आणि जरा आडव्या झाल्या.

भाषणाची तालीम करायला शरदराव साडेतीनलाच शेतात गेले. चौथी बाजू पुरी होत आली होती आणि अगदी मधोमध, सगळ्या विटक्या साड्यांत, जांभळी शहापुरी फडफडत होती. त्यांचं भाषण जागीच संपलं. तेवढ्यात फोन वाजला.

“अहो, माझी साडी दोरीवर नाही!”

“वाऱ्यानं उडाली असेल.”

“चिमट्यांसकट?”

शरदरावांनी कुंपणाकडे पाहिलं. चिमटे तिथंच होते. “तू… दुसरी नेस आज,” म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि साडीला हात घातला. मष्णूनं लांबूनच आरडाओरडा केला.

“अण्णा, हात लावू नगा! फट पडंल!”

“अरे, ही तुझ्या वहिनीची आहे!”

“दोरीवर व्हती. भडक बी हाय, वास बी हाय. तुमीच लिवलंय न्हवं? आजून काय पायजे?”

या हुज्जतीत चार वाजत आले. बदली साडी आणून गुपचूप ती सोडवावी म्हणून शरदराव वळले, तर बांधावर मंडळ हजर. मारुतीराव अध्यक्ष, मागे गल्लीतल्या बायका आणि त्यांच्यात सरोजिनीबाई, सुती साडीत. शरदराव कुंपणाला पाठ लावून हात पसरून उभे राहिले. सहा वार साडीपुढं त्यांचा तो पसारा अगदीच अपुरा पडला.

शाल झाली, नारळ झाला. मारुतीराव बोलायला उठले. “मंडळी, ही मधली साडी बघा! असली साडी शेताला द्यायला काळीज लागतंय. कुणाची म्हणायची ही?”

“आमच्या वयनीची!” मष्णू अभिमानानं ओरडला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. “वयनी, दोन शब्द बोला,” असा आग्रह झाला. सरोजिनीबाई पुढं आल्या. त्यांनी साडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि हसल्या. ते हसू बघून शरदरावांनी हातातला नारळ छातीशी धरला.

“ह्यांचा सल्ला चांगला आहे, पण अर्धाच,” बाई म्हणाल्या. “डुक्कर रंगाला भीत नाही, माणसाच्या वासाला भितं. पेटीतल्या साडीचा काय उपयोग? घामेजलेलं कापड पाहिजे. पुरुषाचं असलं तर उत्तम. ताजं असलं तर विचारूच नका.”

सगळ्यांनी शरदरावांकडे पाहिलं. त्यांचं मोतिया जाकीट पाठीवर चिंब झालं होतं.

मष्णूनं शहापुरी उतरवून वहिनींच्या हातात दिली आणि तिथं जाकीट टांगलं. फट काही भरेना. मग शर्ट गेला. तरी हातभर उरली.

“शाल बी घ्या की रं,” राजाबाईंनी सुचवलं. “शेतासाठीच दिलीय न्हवं?”

गावच्या इतिहासात बनियनवर, नारळ धरून काढलेला सत्काराचा फोटो हा एकच असावा.

परतीच्या वाटेवर सरोजिनीबाई साडी उराशी धरून बसल्या होत्या. शरदरावांनी विचारलं, “ते वासाचं तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला कोण सांगतं?”

सोमवारी सकाळी शरदरावांनी सल्ला टाकला नाही. ग्रुपवर मष्णूचाच आवाज आला. “काल डुकरं आलती. तीन बाजूनी साड्या फाडून आत शिरली. पर अण्णांच्या कपड्याजवळ एक बी फिरकलं न्हाय! वयनी, तुमचा सल्ला लई खरा. आता तीन बाजू ऱ्हायल्यात. मंडळाचा सूरज आज बेळगावात हाय, त्याला घराकडं धाडतोय.”

शरदराव ऑफिसला जायला शर्ट शोधत होते. कपाट सताड उघडं होतं आणि सरोजिनीबाई जमिनीवर बसून पिशवी भरत होत्या.

“अगं, ते सगळे इस्त्रीचे आहेत!”

“म्हणूनच म्हणते,” बाई म्हणाल्या, “आज एकेक करून घाला आणि जिन्यावरून चार फेऱ्या मारा. सूरज दहाला येतोय.”