गिटारीच्या पोटातला कापूस

तुम्हाला म्हणून सांगतो, या हातांनी मी काय काय दुरुस्त केलं नाही! रेडिओ केले, फवारणीचे पंप केले. एकदा तर सरपंचांचं कानातलं यंत्र असं दुरुस्त केलं, की त्यांना विरोधकांचंही ऐकू यायला लागलं! त्यामुळे आमच्या भैरवीने जेव्हा विचारलं, "बाबा, माझ्या गिटारला पिकअप बसवाल? संक्रांतीच्या कार्यक्रमात वाजवायचीय, मागच्यांना ऐकूच जात नाही," तेव्हा मी मिशीवरून हात फिरवला.

"एका दुपारचं काम!"

"आपला मिक्सर अजून उलटा फिरतो," आतून बायको म्हणाली. शुभदाला मधे बोलायची सवयच आहे. मी लक्ष दिलं नाही.

पिकअप म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीत सरकवायची एक बारीक पट्टी. ती तारांची थरथर पकडते. तिथून वायर जाते प्रीअँपला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या बटणांच्या डबीला. ही डबी बसवायला गिटारच्या बरगडीत चौकोनी भोक पाडावं लागतं. सामान नागपूरहून आणलं, गिटार टेबलावर उताणी निजवली, देवाचं नाव घेतलं आणि कापलं. काय चौकोन आला म्हणता! झकास!

भैरवीने गिटार मांडीवर घेतली आणि रडायलाच लागली. बटणं यायला हवी होती वर, हनुवटीखाली. ती आली खाली, थेट गुडघ्यावर!

"बाबा, गुडघा हलला की आवाज वाढणार!"

"मग गुडघा हलवायचा नाही. सोप्पं!"

गिटार स्पीकरच्या बॉक्सला जोडली. तार छेडायच्या आधीच तिने असा हंबरडा फोडला, की फाटकासमोरचे बैल उधळले! फाटकासमोर बैल कशाला, असं विचाराल. मारेगावच्या अलीकडचं आमचं गाव, आणि ते साल कापसाच्या पडत्या भावाचं. जो काही भाव होता तो पदरात पाडायला खरेदी केंद्रावर गाड्यांची ही रांग! तिचं शेपूट आमच्या फाटकाशी आलं होतं, आणि शेपटाला होते मारोतराव. त्यांचा कापूस केंद्रावर प्रत ठरवणाऱ्या ग्रेडर साहेबांनी 'ओला आहे' म्हणून दोन नंबरचा ठरवला होता. मारोतराव कसले ऐकतात! गाडी फिरवून पुन्हा रांगेत.

"एक नंबर म्हनल्याबिगर हटत नाही मी! आमची घरवाली इंदू म्हने, येवढा पांढराफेक माल दोन नंबरात देऊन आले, तं घरात पाय ठेवू नका!"

तर बैल आवरून मारोतराव आत डोकावले. "काहून हंबरून राह्यली जी तुमची गिटार?"

"पोट पोकळ आहे हो तिचं. आवाज आत घुमतो."

"मंग भरा न पोट! घ्या, हा घ्या कापूस. नाही तरी दोन नंबरचाच हाय!"

भरला. सरकीसकट, दाबून दाबून. आणि काय सांगू, हंबरणं बंद! मी शुभदाकडे असं पाहिलं, की बास!

कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे कोण? ग्रेडर साहेब! हंगामात त्यांना जेवढी आमंत्रणं येतात तेवढी जावयालाही येत नाहीत. समोर रांगेतले सगळे गाडीवान सतरंजीवर. भैरवीने सुरुवात केली. वा! मागचा माणूसही डोलू लागला. साहेब इतके खूश झाले, की त्यांनी पायाने ठेका धरला. ठेक्याने मंचाच्या फळ्या हलल्या. फळ्यांनी भैरवीचा गुडघा हलला. बटण फिरलं आणि बॉक्समधून जी आरोळी उठली, बाप रे! पोट्टे रडायला लागले, म्हाताऱ्यांनी कान झाकले!

मी मंचावर झेपावलो. गिटार हिसकावली, बटण शोधायला उलटी केली, आणि पोटातला कापूस भसाभसा साहेबांच्या मांडीवर!

आता मेलो, म्हटलं. पण साहेबांचा हात सवयीने कापसात गेलाच. त्यांनी एक पुंजका उचलला. दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ताणला. सरकी काढून दाताखाली धरली. समोर भाषणाचा माइक चालूच होता. 'कट्ट' असा आवाज अख्ख्या पटांगणात घुमला.

"कोरडा ठणठणीत!" साहेब स्वतःशीच म्हणाले. माइकवर! "धागा लांब. कचरा नाही. एक नंबर!"

"सायेब!" मागून मारोतराव ताडकन उठले. "थो कापूस माहा हाय! परवा तुमीच ओला म्हनलता!"

मग काय विचारता! शिट्ट्या काय, टाळ्या काय, टोप्या काय उडाल्या! साहेबांनी कापसाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि अखेर त्यांनाच हसू फुटलं.

"आणा बावा उद्या पहिल्यांदा तुमचीच गाडी! पण या गिटारवाल्याला आधी खाली उतरवा!"

दुसऱ्या दिवशी मारोतरावांची गाडी खरंच एक नंबरात लागली. जाताना त्यांनी मला अशी मिठी मारली, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, कला ती कला!

संध्याकाळी दार वाजलं. उघडलं तर अंगणात पंधरावीस माणसं! माझी छाती फुगली. "शुभदा, बघ! पंचक्रोशीत नाव झालं! या, या मंडळी! पिकअप बसवायचाय ना? गिटारी कुठायत?"

"गिटार कायची जी?" पुढच्याने धोतराच्या सोग्यातून मूठभर कापूस काढला. "आमाले बी एक नंबर पायजे. हा तेवढा तुमच्या गिटारीत भरा, अन् सायबायले अजून एक गाणं आयकवा!"