पणजोबा कारभारी होते

"या बेटावर रोज हजारो माणसं खोटं बोलतात," परशुराममामा म्हणाले, "आणि त्यातली निम्मी माझ्या हाती लागतात. मी नुसतं बघितलं तरी गुन्हेगाराला घाम फुटतो. मी इन्स्पेक्टर आहे, सुरेंद्र."

इन्स्पेक्टर ते खरेच होते. बसचे. एकदा तर त्यांनी ड्रायव्हरकडेही तिकीट मागितलं होतं. पण सुरेंद्रला दुसरा इन्स्पेक्टर कुठून मिळणार? मॉरिशसमधलं १९७८ साल होतं. तो बों अक्योयचा सुरेंद्र कारभारी, आणि त्याला प्लेन दे पपायच्या इंद्राणी कारभारीशी लग्न करायचं होतं. तिचे वडील हरिलाल म्हणाले होते, "एक आडनाव म्हणजे एक कूळ. भाऊबहीण झालात. तुम्हा दोघांचे पणजोबा वेगळे होते हे दाखव, नाहीतर दिवाळीनंतर क्यूरपीपचं स्थळ पक्कं करतो."

तर्क एक

"कारभारी म्हणजे संस्थानचा दिवाण," मामा म्हणाले. "तुझ्या पणजोबाने खजिना गिळला आणि जहाजात चढला."

"ऊस तोडायला?"

"वेषांतर."

"मरेपर्यंत?"

"उत्तम वेषांतर होतं."

तर्क दोन (तर्क एक विसरावा)

हरिलालच्या पडवीत खिळ्याला एक पातं टांगलेलं दिसलं. मामांनी श्वास रोखला. "तलवार."

"मामा, तो साब आहे. ऊस कापायचा कोयता."

"तलवारही कापायलाच असते."

तर्क तीन

हा परतताना बसमध्ये सुचला, उभ्याउभ्याच. दोन सख्खे भाऊ, दोघेही कारभारी, दोघांचा जीव एकाच नर्तकीवर. तलवारी उपसल्या गेल्या. ती तिसऱ्याशीच पळाली. लाजेने दोघे मॉरिशसला आले, एक उत्तरेला राहिला, एक पूर्वेला.

"केस सुटली," मामा म्हणाले.

"म्हणजे आम्ही खरंच भाऊबहीण?"

"पक्के."

"मामा, तुम्ही केस जिंकलात आणि माझी बायको गेली."

"सत्याला भाचा नसतो," मामा म्हणाले, आणि सवयीने त्यांनी भाच्याचं तिकीट तपासलं.

तर्क चार

इथे तर्क चार होता. देवकीमामींनी तो अर्धा ऐकला आणि पातेली घासायला घेतली, त्यामुळे उरलेला कुणालाच ऐकू आला नाही.

निकाल

रविवारी मामा मामींना घेऊन हरिलालच्या घरी गेले आणि निकाल द्यायला उभे राहिले. सुरेंद्रने वाटेत त्यांचा चष्मा लपवून पाहिला होता, पण निकाल त्यांना तोंडपाठ होता.

"एक नर्तकी," त्यांनी सुरुवात केली. हरिलाल खुर्चीत पुढे सरकले. इंद्राणी सुरेंद्रकडे बघेना.

तेवढ्यात तिची आई सरस्वती स्वयंपाकघरातून डोकावली आणि मामींना म्हणाली, "गे बाय, तुमच्या कारभाऱ्यांना मिरची चालते?"

"घाला भरपूर," मामी म्हणाल्या. "तोंड बंद राहील."

"आई," इंद्राणी म्हणाली, "मामा कारभारी नाहीत. त्यांचं आडनाव गोपाल."

"आडनाव कोण विचारतंय? तिचा नवरा तो तिचा कारभारी."

"तू बाबांना म्हणतेस तसा?"

"मग काय नाव घेऊ त्यांचं? माझी आईही कारभारीच म्हणायची, तिची आईही."

इंद्राणीने हातातला तांब्या खाली ठेवला. "बाबा, पणजी मूल नोंदवायला ऑफिसात गेली असेल. साहेबाने विचारलं, बापाचं नाव काय? ती नवऱ्याचं नाव कशी घेणार?"

"बरं, मग?"

"म्हणाली, कारभारी. साहेबाने लिहून टाकलं, तेच आडनाव झालं. बों अक्योयच्या पणजीनेही तेच केलं असणार."

हरिलाल आपल्या उजव्या हाताकडे बघायला लागले. "म्हणजे आयुष्यभर मी सही करतोय ती, हरिलाल नवरा?"

"नवरे," सुरेंद्र म्हणाला. "आदरार्थी."

मामी पदर तोंडाला लावून हलायला लागल्या.

"आणि नर्तकी?" मामांनी विचारलं.

"मग पणजोबांचं खरं नाव काय होतं?" हरिलाल म्हणाले.

"ते पणजीला ठाऊक," सरस्वती म्हणाली आणि आत गेली. "शेवटपर्यंत जपलंन बाईनं. चला, पानं वाढलीत. इंद्राणी, कारभाऱ्यांना उठव."

हरिलाल उठले. मामा तर आधीच उठले होते. सुरेंद्र मात्र जागचा हलला नाही. आपण कुठल्या कुळातले, हे त्याला आत्ता पूर्वीपेक्षाही कमी कळत होतं.

हरिलाल दारात थांबले.

"तूही ऊठ," ते म्हणाले. "कारभारीच ना तू? कुणाचा, ते इंद्राणीला विचार."