सासऱ्यांसाठी समुद्र

सासऱ्यांसाठी घरात समुद्र आणावा, हा विचार माझाच. (आमच्याकडे एखाद्या विचाराचे परिणाम दिसायला लागले की आधी तो कोणाच्या डोक्यातून निघाला याची चौकशी होते. म्हणून आपण होऊन सांगून टाकलं.)

सासूबाई गेल्या आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे राहायला आले. उभा जन्म त्यांनी जहाजावर काढलेला. आता दिवसभर खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायचे. हाक मारली की दोन घास जेवायचे आणि पुन्हा भिंत. झोप तर जवळजवळ नाहीच. आमची मुलगी तेव्हा शाळेत होती. ती त्यांना विनोद सांगायची, तेही ते भिंतीकडे बघूनच ऐकायचे.

"अप्पांना समुद्राची आठवण येते," मी निदान केलं.

"आईची येते," बायको म्हणाली.

आईच्या बाबतीत मला काही करता येण्यासारखं नव्हतं. समुद्राचं जमण्यासारखं होतं. रविवारी सकाळी मी चपला घातल्या.

"मासे आणायला चाललोय."

"मोठी पिशवी न्या. आणि साफ करून आणा, मागच्या वेळी खवले तसेच होते."

"अगं, रंगीत मासे!"

"रंगीत? मग ताजे नसणार. अजिबात घेऊ नका."

दुकानदार हा विकायला बसला होता की अडवायला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"पहिल्यांदाच ठेवताय? मग गोड्या पाण्यातले न्या."

"खाऱ्याच पाण्यातले हवेत. सासऱ्यांसाठी."

"टाकी केवढी?"

मी दोन्ही हात पसरून दाखवली. नवीन बाळ केवढं आहे ते दाखवतात तेवढी.

"टाकी लहान, डोकेदुखी मोठी," तो म्हणाला. "थोड्या पाण्याला बिघडायला वेळ लागत नाही."

मी एका रुबाबदार निळ्या माशाकडे बोट दाखवलं. तो वाढतो, तुमच्या टाकीत त्याला वळताही येणार नाही, म्हणाला. मग झालरवाल्या एका देखण्या माशाकडे दाखवलं. तो बाकीच्यांना खातो, म्हणाला.

"पण बाकीचे नाहीतच!"

"मग तुमच्या हाताला काटा मारेल. विषारी असतो."

शेवटी नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउनफिशच्या एका जोडीवर त्याने मान हलवली. काटक आहेत, नवशिक्याला सांभाळून घेतील. पण आज मिळणार नाहीत. आधी टाकीत पाणी, समुद्राचं मीठ आणि दगड घालायचे, फिल्टर चालू करायचा आणि घाण खाणारे जंतू वाढू द्यायचे. मासे महिनाभराने.

(म्हणजे आधी महिनाभर जंतू पाळायचे. हे मी बायकोला कळू दिलं नाही. ती दाराची कडीसुद्धा औषधाने पुसते.)

फिल्टरसाठी त्याने पाठीमागे टांगायचा एक छोटासा दाखवला. पण तोवर माझी नजर कोपऱ्यातल्या डब्याच्या फिल्टरवर गेली होती. बादलीएवढा काळा डबा, त्याला दोन जाड नळ्या. हा टाकीच्या खाली ठेवायचा. एका नळीने पाणी खाली येणार, दुसरीने साफ होऊन वर जाणार. "हाच द्या," मी म्हणालो. दुकानदाराने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हरकत घेतली नाही. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

घरी आल्यावर मिठाची थैली बघून बायको म्हणाली, "मीठ विकत आणलंत? घरात बरणी भरलीये की!"

"ते चालत नाही."

"आपल्याला चालतं ते?"

"आपण त्यात राहत नाही."

दुपारभर खपून मी सगळं जोडलं. अप्पा भिंतीकडेच बघत होते. टाकी त्याच भिंतीला लावली होती, एवढीच प्रगती. मी ऐटीत बटण दाबलं. डबा घुरघुरला, थरथरला, आणि वर जाणारी नळी, जी मी 'नंतर आवळू' म्हणून सोडली होती, ती नागासारखी फणा काढून उभी राहिली. खाऱ्या पाण्याची धार आधी सोफ्यावर, मग पडद्यावर, मग माझ्या चष्म्यावर. मी तिच्या तोंडावर अंगठा दाबला. आता एका धारेच्या पाच धारा झाल्या.

"अहो, बंद करा ते!"

"हात गुंतलेत माझे!"

आणि मागून असा आवाज आला की भिंतीवरचं घड्याळ हललं असावं.

"पंप बंद! खालचा कॉक फिरव! जावईबापू, बाजूला व्हा!"

अप्पा उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. बायकोने पळत जाऊन प्लग उपटला, मुलगी आनंदाने किंचाळत चादरी आणायला धावली, आणि अप्पांनी ओल्या फरशीवर बैठक मारून डबा मांडीवर घेतला. तो त्यांनी उघडला, आतलं चाक पुसलं, नळ्या आवळल्या, प्लग पुन्हा लावायला सांगितला आणि डब्याला कान लावला. डबा लयीत घुमायला लागला. आमच्या कानांना दळणाची गिरणी घरात आल्यासारखं वाटत होतं. अप्पा मात्र तिथेच भिंतीला टेकले आणि बघता बघता झोपले. चक्क घोरायला लागले.

संध्याकाळी चहा घेताना मी विचारलं, "अप्पा, समुद्राची फार आठवण येत होती ना?"

"समुद्राची?" ते म्हणाले. "मी इंजिनरूममधला माणूस. कायम खाली, लोखंडाच्या आत. समुद्र मी नीट बघितलेलासुद्धा नाही."

"मग?"

"तुमच्या घरात शांतता फार. जहाजावर इंजिन गप्प झालं की सगळे दचकून उठतात. घरी असलो की हिच्या आईचं घोरणं असायचं. आता तेही नाही."

बायको उठून आत गेली. मीही थोडा वेळ चष्मा पुसत बसलो. (मिठाचे डाग पडले होते.)

महिन्याने मासे आले. दुकानदाराने सांगितलं, मोठी ती मादी. सगळं तिच्या हुकमाने चालतं. लहान तो नर. तोंडाने दगड साफ करतो, अंडी झाली की राखतो आणि ती अंगावर आली की मुकाट मागे सरतो.

अप्पांनी हे लक्ष देऊन ऐकलं आणि लहान माशाचं नाव ठेवलं 'जावई'. तेव्हापासून घरात "जावई आज जेवला नाही", "जावयाला जरा अंधारात ठेवा" असली वाक्यं बिनदिक्कत व्हायची. एकदा शेजारीणबाई दारातच थबकल्या आणि बायकोच्या पाठीवरून हात फिरवून निघून गेल्या.

पुढची कितीतरी वर्षं अप्पा आणि तो डबा एकाच खोलीत घुमत राहिले. दर रविवारी तो मांडीवर घेऊन ते मुलीला एकेक भाग समजावून सांगायचे. मलाही सांगायचे, पण हात मागे बांधून उभं राहायला लावून. आता अप्पा नाहीत. डबा मुलगी त्यांनी शिकवला तसा खोलून जोडते, सुट्टीत घरी आली की. नोकरीसाठी ती लांब असते.

परवा तिचा फोन आला. बायकोने स्पीकर लावला होता.

"आई, जावई कसा आहे?"

"मजेत. खातो, दगड पुसतो. रंगही खुललाय हल्ली."

"आणि बाबा?"

बायकोने मान वळवून सोफ्याकडे पाहिलं.

"आहेत."