अव्वांच्या सहीचा गृहपाठ

कमलम्मा, म्हणजे घरच्या अव्वा, सकाळी इष्टलिंगाच्या पूजेला बसल्या की वीस मिनिटं कुणाशी बोलत नसत. उदगीरच्या त्या घरात निर्धास्त वेळ काय तो एवढाच. त्यांचा धाकटा, संगमेश्वर, त्यातली पाच मिनिटं दाढीच्या फेसात घालवून बसला आणि मग लेक अक्षराची मराठीची वही त्याच्या हाती लागली.

बाईंनी आठवीला सांगितलं होतं, घरातल्या माणसांवरून अलंकारांची उदाहरणं लिहा, खाली सही आणा. अक्षरानं लिहिलं होतं:

उपमा: आजीचा आवाज मोंढ्याच्या बाजारातल्या भोंग्यासारखा आहे.
रूपक: आजी म्हणजे घरातलं पोलीस ठाणं.
चेतनगुणोक्ती: आजी आली की खुर्च्या अंग चोरतात.
अतिशयोक्ती: आजी खोकली की किल्ल्याचा बुरूज ढासळतो.

संगमेश्वरनं आधी देवघराकडं पाहिलं. या घरात सही अव्वांचीच चाले, आणि चौथी शिकलेल्या अव्वा अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय पेनाला हात लावत नसत. मागं सून 'आमटी खारट झाली' एवढंच बोलली, तर त्या पिशवी भरून लातूरला थोरल्याकडं गेल्या. त्यांना परत आणायला अख्खी भावकी न्यावी लागली होती.

"हे काय लिहिलीस गं?"

"बाई म्हनल्या, वाचताना खरं वाटलं पायजे."

"खरंच वाटतंय, तीच तर पंचाईत हाय!"

त्यानं व्हाइटनर घेतलं आणि चारही ठिकाणची 'आजी' पुसून 'आई' केली. तेवढ्यात बायको, पुनम, डबा घेऊन आली आणि वहीत डोकावली.

"अहो, पोलीस ठानं कोन? मी?"

"हळू बोल! मग कुनाचं नाव घालू?"

"घरात आनखी एक मानूस हाय की. फेस लावून बसलेलं."

चारही ठिकाणी 'बाबा' आले. व्हाइटनर काही वाळेना. तिघंही वहीवर फुंकर घालत असताना दारात अव्वा उभ्या राहिल्या, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे.

त्यांनी बोट ठेवून चारही ओळी वाचल्या. मग वही मिटली.

"समदीकडं बापच. मी हाय का न्हाई या घरात?"

"अव्वा, तसं न्हाई..."

"जित्तेपनी नाव पुसलं माझं. पुनम, माझी पिशवी दे. लातूरची गाडी मिळंल अजून."

संगमेश्वरनं दोन्ही भीतींचं वजन करून पाहिलं. लातूर जड भरलं.

"अव्वा, ते समदं तुझ्यावरच लिहिलेलं व्हतं! म्या पुसलं!"

अक्षरा आईच्या मागं सरकली. अव्वांनी नखानं दोन्ही पांढरे थर खरवडले, आणि खालचं नाव वर येईल तशा एकेक ओळ पुटपुटत गेल्या. भोंगा. ठाणं. खुर्च्या. बुरुजापाशी त्या बराच वेळ थांबल्या. संगमेश्वरच्या गालावरचा फेस वाळून ताठ झाला होता.

"अक्षरा, हिकडं ये."

"आले, आज्जी."

"पयले तीन झ्याक लिहिलीस. चौथं चुकलं. बुरुजाचं ते खरंच हाय, त्याला अतिशयोक्ती कसं म्हनायचं?"

अक्षरानं बापाकडं पाहिलं. बाप भिंतीकडं पाहत होता.

"मग काय लिहू, आज्जी?"

अव्वांनी पेनाचं टोपण काढलं. "लिही, आमचे बाबा कुनाच्या बापाला भीत न्हाईत."