थांबे चार, माणसं दोन

"थांबे तुम्ही म्हणाल तिथे घेऊ," बायको म्हणाली होती, "पण माणूस एकही घ्यायचा नाही."

चष्मेवाल्यांना या अटीचं नवल वाटायचं काही कारण नव्हतं. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला गेले तेव्हा सोबत आत्या होत्या, कारण तिकडची हवा गुडघ्याला मानवते असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून दोघं दोघंच असे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा गेले नव्हते. थोरले दादा, वहिनी, आत्या असा सगळा गोतावळा एका छपराखाली. बायको घरीच शिवणकाम करायची, आणि मशीन थांबायचा अवकाश, कोणीतरी हाक मारायचंच. एक दिवस तोंडातली टाचणी काढून ती म्हणाली, "मला चार दिवस अशा ठिकाणी न्या, जिथे मला हाक मारायला कोणी नसेल. नाहीतर मी एकटीच जाईन." हे ती हसत म्हणाली नव्हती. म्हणून तर चष्मेवाले घाबरले.

त्यांनी मोटरहोम ठरवलं. चाकांवरचं घर! आत पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळं. आपल्या चष्म्याच्या दुकानात काउंटरखाली त्यांनी नकाशा पसरून ठेवला. गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत असायचं, आणि चष्मेवाले मनात घाट चढत असायचे. पहिला थांबा तळं, तिथे काठावर बसून चहा. दुसरा कडा, तिथून सूर्यास्त. तिसरा जंगल, तिथे खिडक्या उघड्या टाकून झोपायचं. चौथा समुद्र.

"समुद्रावर काय करायचं?" बायकोने विचारलं.

"काहीच नाही."

हा थांबा तिला सगळ्यात आवडला.

बेत कोणाला कळू द्यायचा नव्हता. योगही असा जुळून आला की वहिनींच्या भाचीचं लग्न परगावी निघालं आणि दादा, वहिनी, आत्या चार दिवसांचे कपडे घेऊन भल्या सकाळी रवाना झाले. ते गेले आणि तासाभरात चष्मेवाल्यांनी गाडी आणली. गल्लीत उभी केली असती तर शेजारच्या मास्तरीणबाईंनी गावभर बातमी केली असती, म्हणून ती अंगणात घ्यायचं ठरलं. फाटकावर वडिलांनी हौसेने बांधलेली विटांची कमान होती. बायकोने शिवणकामाची टेप लावून कमान मोजली, गाडीवाल्याने सांगितलेल्या उंचीशी ताडून पाहिली, आणि गाडी कमानीखालून एका बोटाच्या फटीने अलगद आत आली.

"जमलं!" चष्मेवाले म्हणाले. "आता मी दुकानाची किल्ली नोकराकडे देऊन येतो."

"मीही दोन ब्लाउज पोचते करून येते. मग निघूच."

तेवढ्यात काय घोटाळा होणार होता?

चष्मेवाले परतले तेव्हा त्यांच्या फाटकातून गल्लीच्या टोकापर्यंत माणसांची रांग लागली होती. प्रत्येकाच्या हातात बादली, हंडा, नाहीतर पातेलं. रांगेच्या तोंडाशी शेजारचे मास्तर छडीसारखी छत्री धरून शिस्त लावत होते. "घुसायचं नाही! एका घराला दोनच बादल्या!" आणि मोटरहोमच्या कुशीला असलेल्या नळाखाली मास्तरीणबाई स्वतः बसून पाणी वाटत होत्या.

"हे... हे काय चाललंय?" चष्मेवाल्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"अहो, देवमाणूस आहात तुम्ही!" मास्तरीणबाईंनी हात जोडले. "सकाळी मोठा पाइप फुटला. दोन-तीन दिवस पाणी नाही म्हणे. आणि बघते तर तुमच्या अंगणात टँकर! म्हटलं, शेजार असावा तर असा. तुमच्याही दोन बादल्या भरून ओट्यावर ठेवल्यात हो, विसरले नाही मी."

मागून बायको आली. तिने रांग पाहिली, नळ पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं. "टँकर," चष्मेवाले तिला हळूच म्हणाले. नळाने दोन उचक्या दिल्या आणि तो आटला.

"जाऊ दे पाणी," बायको त्यांच्या कानाशी म्हणाली. "वाटेत भरू. आधी निघा!"

लोक दुवा देत पांगले; मागे राहिले ते फक्त मास्तर आणि मास्तरीणबाई. दोघं चढले. चष्मेवाल्यांनी गाडी सुरू केली आणि सावकाश कमानीखाली घातली. क्र्रर्र! डोक्यावर कोणीतरी पत्रा फाडल्यासारखा आवाज आला. चष्मेवाल्यांनी ब्रेक दाबला, उतरून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. गाडीच्या टपावरचं हवेचं झाकण कमानीला टेकलं होतं.

"अहो, आत येताना तर बोटभर फट होती!" टेप घेऊन उतरलेली बायको म्हणाली.

"कमान खाली आली की काय?"

"कमान कशी खाली येईल? काहीतरी बोलता!"

चष्मेवाले गाडी मागे घेऊन पुन्हा पुढे आणणार, तोच फाटकासमोर एक रिक्षा थांबली. तिच्यातून आधी दादा उतरले, मग वहिनी, आणि मग दोघांनी मिळून आत्यांना उतरवलं.

बायकोच्या हातातली टेप गळून पडली.

"लग्न पुढच्या आठवड्यावर गेलं, वाटेतच फोन आला," वहिनी तणतणत आल्या. "कार्यालयात पाण्याचा टिपूस नाही. दोन्ही गावांना येतो तो पाइप फुटला म्हणे. आणि ही कसली गाडी?"

"टँकर!" मास्तरीणबाईंनी चष्मेवाल्यांच्या आधीच उत्तर दिलं. "तुमच्या दिरांनी गल्लीसाठी मागवला."

"शहाणं गं माझं बाळ," आत्यांनी कौतुकाने मान डोलावली. तेवढ्यात वहिनींनी दारातून डोकं आत घातलं होतं.

"अगंबाई! आत पलंग आहे!"

"टँकरमध्ये पलंग?"

"शेगडीपण आहे! आणि हे काय... आत्या, आत संडास आहे!"

"पाण्याच्या गाडीत संडास!" आत्या किंचाळल्या. मास्तरीणबाईंनी त्याच नळाचं दोन पेले पाणी नुकतंच प्यायलं होतं. त्या मटकन पायरीवर बसल्या. पाण्याची टाकी वेगळी असते, अगदी स्वच्छ असते, हे चष्मेवाल्यांनी त्यांना तीनदा सांगितलं. त्या नादात, हा टँकर नसल्याचं आपण कबूल करून बसलोय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

दादा सगळ्यात शेवटी आत शिरले. आयुष्यभर त्यांनी बस चालवली होती. निवृत्त झाले तरी कंडक्टरच्या दोन थापांवर गाडी सोडायची सवय अंगातून गेली नव्हती. कशावरही दोन थापा पडल्या की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. जेवताना गप्पा लांबल्या की वहिनी टेबलावर थप थप करायच्या, की दादा निघाले हात धुवायला. ते गाडीत इकडेतिकडे फिरले आणि दारात येऊन उभे राहिले.

"उश्या दोनच कशा रे?"

आत्यांचा चेहरा पडला. "म्हणजे आम्हाला सोडून निघाला होतात?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"छे, छे! भलतंच काय, आत्या!" चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं. "सगळ्यांसाठीच आणलीय. तुम्ही लग्नाहून आलात की गंमत करणार होतो!"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तरी परवडलं असतं. ती नुसती पाहत राहिली, मग वाकली, जमिनीवरची टेप उचलली आणि बोटाला गुंडाळायला लागली. चष्मेवाल्यांना वाटलं, कमान डोक्यावर पडली असती तर बरं झालं असतं.

"मग अडलंय कुठे?" दादांच्या अंगात एकदम पंचवीस वर्षांचा ड्रायव्हर संचारला. त्यांनी कमान पाहिली, टप पाहिला, चाकांजवळ वाकून स्प्रिंगा पाहिल्या. "पाणी किती होतं आत?"

"टाकी भरून."

"मग झालं तर! पाणी गेलं, वजन गेलं, गाडी उठली वर. एवढं साधं गणित!"

"पाणी परत भरू या," वहिनी म्हणाल्या.

"दिलेलं पाणी कोणी परत मागतं का?" मास्तर कडाडले. "आणि आता राहिलंय कुठे? लोकांनी पडदेसुद्धा धुतले."

"चाकांची हवा काढली तर?"

"आणि मऊ चाकांवर घाट चढवू?" दादांनी वहिनींना उडवून लावलं. "पाणी नाही तर माणसं भरा. चला, चढा सगळे! मास्तर, तुम्हीपण. आत्या, तू मधोमध बस, तू एकटी दोन पिंपांना भारी आहेस."

"मेल्या, तोंड सांभाळ," असं म्हणत आत्या चढल्यासुद्धा आणि थेट पलंगावर आडव्या झाल्या. वहिनी चढल्या, बॅगा चढल्या, मास्तर चढले. "शाळेच्या सहलीनंतर आजच हो," असं म्हणत मास्तरीणबाईही पायरीवरून उठल्या. गाडी कुरकुरत खाली बसली. दादा स्टिअरिंगवर बसले.

"तुम्ही दोघं खालीच थांबा," त्यांनी खिडकीतून हुकूम सोडला. "तुमचं दोघांचं मिळून वजन ते किती! वर फट बघा आणि सांगा."

कमानीच्या एका बाजूला चष्मेवाले, दुसऱ्या बाजूला बायको. "येऊ द्या... येऊ द्या... थोडं डावीकडे... येऊ द्या!" अर्ध्या बोटाच्या फटीने गाडी कमानीखालून सरकत सरकत बाहेर पडली. आतून टाळ्यांचा गजर झाला.

"चढा आता पटकन!" आत्या आतून ओरडल्या. "सूनबाई, चहाचं बघ गं जरा. ही शेगडी काही मला पेटत नाही."

चष्मेवाले चढायला धावले. पण बायको दाराशी आधी पोचली होती. क्षणभर ती उघड्या दारातून आत बघत राहिली. सगळे दाटीवाटीने बसले होते आणि सगळ्यांची तोंडं तिच्याकडे होती. तिने शांतपणे दार लावून घेतलं आणि गाडीच्या पत्र्यावर सणसणीत दोन थापा मारल्या.

थप थप.

गाडी सुटली. दादांनी ना आरशात पाहिलं, ना मागे. दोन थापा पडल्यावर मागे बघायची त्यांना आयुष्यात कधी वेळच आली नव्हती. गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली.

"अगं!" चष्मेवाल्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "अगं, हे काय केलंस? नकाशा तर माझ्या खिशात आहे!"

"मग बरेच लांब जातील," बायको म्हणाली आणि फाटक लावून घेतलं.

अंगण सुनसान झालं. घरात एकही आवाज नव्हता. हा घराचा आवाज चष्मेवाल्यांनी बावीस वर्षांत ऐकलाच नव्हता, आणि पहिली पाच मिनिटं तर त्यांना धडकीच भरली. बायकोने मास्तरीणबाईंच्या बादलीतलं पाणी घेऊन चहा टाकला. नळाखाली सांडलेल्या पाण्याचं अंगणात चांगलं ऐसपैस डबकं झालं होतं. तिने त्याच्या काठाला दोन खुर्च्या आणि मध्ये लहान टेबल मांडलं.

"बसा," ती म्हणाली. "पहिला थांबा."

चहाचा पहिला घोट घेताहेत तोच फोन वाजला. दादा होते. मागून चौघांचे आवाज एकदम येत होते. आत्या म्हणत होत्या की हवा गुडघ्याला फार चांगली आहे, मास्तरीणबाई म्हणत होत्या की आमच्या घराला कुलूप लावायला सांगा.

"अरे, तुम्ही दोघं गाडीत नाहीच! मागच्यांना वाटलं तुम्ही पुढे माझ्याजवळ, मला वाटलं मागे!" दादा ओरडले. "आम्ही एका तळ्यापाशी पोचलोय. वळवतो गाडी. तुम्हाला घ्यायला येतो!"

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने कप खाली ठेवला होता. ती पुन्हा तशीच पाहत होती, मघासारखी.

"नको, दादा," चष्मेवाले म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. "येऊ नकोस. ऐक. तिथून सरळ वर जा, कडा लागेल. सूर्यास्त बघा. मग जंगल. खिडक्या उघड्या टाकून झोपा. मग समुद्र."

"आणि समुद्रावर काय करायचं?"

"काहीच नाही. बसून राहायचं. चार दिवसांच्या आत परत यायचं नाही."

"चार दिवस! अरे, पण तुम्ही दोघं इकडे करणार काय?"

चष्मेवाल्यांनी फोन टेबलावर बायकोपुढे ठेवला. बायकोने हात लांब करून टेबलावर दोन थापा मारल्या.

फोनमधून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.